'मेमरी सेफ्टी व्हल्नरेबिलिटी'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : एका अनुवादात 'उपकरण चालकांमधील स्मृती सुरक्षा असुरक्षितता' असं आलंय. आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "चालकच विसरभोळे असतील तर गाडीत बसायचं कशाला?" विषय ऑपरेटिंग सिस्टीमच्या डिव्हाइस ड्रायव्हरचा, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे; त्यात मेमरी चुकीची हाताळली गेली की हल्लेखोराला वाट मिळू शकते. काहीतरी सुचवा.

– 'ड्रायव्हर' आणि 'मेमरी'ला हात लावू नका. 'कर्नल'ला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या मध्यवर्ती भागाला) मात्र 'गाभा' छान बसतो. मला तर 'गाभारा'च म्हणावंसं वाटतं. सभामंडपात, म्हणजे साध्या ॲप्सपैकी, कुणी धडपडलं तर निभावतं. ड्रायव्हर वावरतो गाभाऱ्यात, तो धडपडला की अख्खं मशीन बंद.

– आमच्याकडे शेतीतले शब्द तयार आहेत. बफर ओव्हरफ्लो, म्हणजे मेमरीतल्या आपल्या जागेपलीकडे लिहिणं, हे झालं बांध कोरणं. आणि 'यूज आफ्टर फ्री' म्हणजे जमीन विकली, फेरफार झाला, तरी जुना सातबारा घेऊन नांगरायला जाणं! यूएसबी उपकरण उपटलं, ड्रायव्हरने त्याची जागा मोकळी केली, पण आधी लावलेला टायमर रद्द करायचा राहिला. तो नंतर उठतो आणि त्याच पत्त्यावर लिहितो. एव्हाना तिथे दुसऱ्याचं पीक उभं असतं.

– सातबारा मान्य, बांध नाही. बांध माणूस जाणूनबुजून कोरतो, तेही दरवर्षी वीतभर. शिवाय दरवेळी लिहिलंच जातं असं नाही. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या ड्रायव्हरने नुसतं वाचलं होतं : साच्यात रकाने 21, हाती आलेली मूल्यं 20, आणि हा गेला एकविसावं वाचायला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख विंडोज मशीन कोसळली. याला सरळ 'हद्दीबाहेर वाचन' म्हणावं. ('हद्दपार' नको, ते गुंडांना करतात.)

प्रश्नकर्ता : आणि 'व्हल्नरेबिलिटी'? 'कच्चा दुवा' चालेल?

– 'दुवा' आता लिंकसाठी रुळलाय. वाचणाऱ्याला वाटेल लिंक तुटलीय. 'खिंडार' हल्ल्यानंतर पडतं. 'भेद्यता' व्याकरणात बसते, तोंडात बसत नाही. मी 'फट' म्हणेन. चोर आत शिरो न शिरो, फट असतेच. मात्र प्रत्येक चूक म्हणजे फट नव्हे. वरच्या प्रसंगात मशीन पडली, पण त्या चुकीतून कुणाला आत घुसता येत नव्हतं, असं कंपनीचं म्हणणं. तिथे 'दोष' पुरे.

प्रश्नकर्ता : मग 'ड्रायव्हरमधल्या मेमरी हाताळणीत राहिलेल्या फटी' असं करतो. पुढच्या परिच्छेदात 'रस्ट' आहे. गंज म्हणू?

– अजिबात नको, प्रोग्रामिंग भाषेचं विशेषनाम आहे! डिसेंबर 2022 च्या लिनक्स कर्नल 6.1 मध्ये या भाषेला जागा मिळाली. तिच्यातल्या 'ओनरशिप'ला मात्र 'मालकी' बिनधास्त लिहा. तिथे कंपायलरच (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) तलाठी : जागेचा मालक एकच, जुना उतारा दाखवलात तर कोड कंपाइलच होत नाही. हार्डवेअरशी थेट बोलताना 'अनसेफ' लिहावं लागतं, तेव्हा कच्च्या पत्त्यांपुरती तलाठ्याची डोळेझाक, बाकीची तपासणी चालूच.