मदत हवी आहे: आईला घेऊन वसंतात मालागा (स्पेन). ईस्टरचा आठवडा गाठावा की टाळावा?

ओवी:

नमस्कार मंडळी,

मार्च-एप्रिल २०२७ मध्ये आईला घेऊन स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मालागाला जायचं घाटतंय. माद्रिद-बार्सिलोना सोडून मालागाच का, तर आई आयुष्यभर चित्रकला शिक्षिका होती. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी कितीतरी मुलं तिच्या हाताखालून गेली. पिकासो मालागात जन्मला, २५ ऑक्टोबर १८८१ला, हे तर आहेच. पण आईला खरी ओढ आहे ती त्याच्या वडिलांची. होसे रुइस ब्लास्को तिथल्या कलाशाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि कबुतरं रंगवण्यात त्यांचा हातखंडा होता. मुलगा जगभर गाजला आणि वडील ड्रॉइंगमास्तरच राहिले. त्या मास्तरांचं घर बघायचं, असं ती गेली कित्येक वर्षं म्हणते आहे. आता तिचं वय ७२, त्यामुळे मला अजून लांबवायचं नाही.

अडचण तारखांची आहे. मला रजा २० मार्च ते १० एप्रिल याच काळात मिळेल, आणि ईस्टर नेमका २८ मार्चला आहे. म्हणजे २१ ते २८ मार्च तिथे सेमाना सांताच्या, म्हणजे ईस्टरच्या पवित्र आठवड्याच्या, मिरवणुका असणार. पुण्यात पालखी मुक्कामाला असते तेव्हा आई दरवर्षी दर्शनाला जाते, त्यामुळे तिला गर्दीचं भय नाही. पण गुडघे दोन्ही दुखरे. सपाटीवर अर्धा तास सहज चालते. चढ, पायऱ्या आणि ताटकळत उभं राहणं आता झेपत नाही.

खाण्याचं म्हणाल तर ती शाकाहारी, अंडंही चालत नाही. कांदा-लसूण चालतो. समुद्राकाठचं गाव, तिथे तिच्या पानात काय पडेल याची मला सगळ्यात जास्त काळजी आहे.

जाणकारांनी सांगा: मिरवणुकांच्या दिवसांत जावं का? राहायचं कुठे? किल्ला तिला बघता येईल का? ग्रानादा शहरातला अलहाम्ब्रा राजवाडा एका दिवसात जमवावा का? आणि त्या घरात बघण्यासारखं खरंच काही आहे का?

दर्यावर्दी:

ओवीताई, मी कामानिमित्त मालागातच राहतो. माझं मत स्पष्ट आहे: सेमाना सांता पूर्ण चुकवू नका, पण अख्खा आठवडाही त्यात काढू नका.

इथे येशू-मेरीच्या मूर्ती ज्या सिंहासनांवर बसवतात त्यांना त्रोनो म्हणतात. एकेकाचं वजन काही टन, आणि मोठ्या त्रोनोंना दोनशेहून जास्त माणसं खांदा देतात. घंटेचा ठोका पडला की सगळे एकदम उठतात आणि ते धूड संथ डोलत पुढे सरकतं. पालखीत रमणाऱ्या बाईंना हे आवडणारच. पण दुपारी निघालेल्या मिरवणुका मध्यरात्र उलटून परततात, तोवर जुन्या गावातले रस्ते ओलांडता येत नाहीत. हॉटेल त्या वेढ्यात असलं तर टॅक्सी दाराशी येत नाही, बॅगा ओढत न्याव्या लागतात.

म्हणून २४ला पोचा, २५ला आराम. त्या गुरुवारी स्पॅनिश लीजनचे सैनिक येतात, गर्दी अफाट असते, तो दिवस सोडून द्या. २६ला, गुड फ्रायडेला, एखादी मिरवणूक उजेडात निघताना बघा आणि परता. ईस्टर झाला की गाव मोकळं होतं. म्युझियमं, किल्ला सगळं पुढच्या आठवड्यात ठेवा. राहायला मारिया साम्ब्रानो स्टेशनच्या आसपास बघा. विमानतळावरून सी-१ लोकल थेट तिथे येते.

मेणाचं आधीच सांगून ठेवतो. लहान मुलं हातात मेणाचा गोळा घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असतात. मिरवणुकीतल्या माणसापुढे गोळा धरला की तो मेणबत्ती वाकवून त्यावर चार थेंब टाकतो, आणि वर्षागणिक तो गोळा मोठा होत जातो. बघायला फार गोड वाटतं. पण तेच मेण फरशीवर सांडतं, चपला चरचर वाजतात आणि पाय घसरतोही. आईंच्या पायात चांगल्या पकडीचे रबरी तळाचे बूटच हवेत.

अजून एक. २८च्या पहाटे घड्याळं एक तास पुढे जातात. भारताशी साडेचार तासांचा फरक आहे तो साडेतीन होतो. गोळ्यांच्या वेळा त्याप्रमाणे लावून घ्या.

शेवंती:

मी सासूबाईंना घेऊन एप्रिलमध्ये जाऊन आले, त्याही शाकाहारी. काळजी करू नका, फक्त मागताना नेमकं सांगावं लागतं. नुसतं 'वेजेतारियानो' म्हटलं तरी सॅलडवर ट्यूना येतो, भाजीत हॅमचे तुकडे सापडतात. 'सिन हामोन, सिन आतून, सिन वेवो' हे कागदावर लिहून जवळ ठेवा: हॅम नको, ट्यूना नको, अंडं नको.

वांग्याचे काप तळून वर मिएल दे कान्या घालून देतात. ही चक्क काकवी! उसाचीच, आणि जवळच्या फ्रिखिलियाना गावात अजून तिचा कारखाना चालतो. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि कोल्हापूरच्या गुऱ्हाळाच्या गोष्टी सुरू झाल्या. कापांच्या पिठात अंडं नाही ना, एवढं विचारून घ्या. आखोब्लांको म्हणजे बदाम, पाव, लसूण, ऑलिव्ह तेल यांचं गार सूप, वर द्राक्षं. चुरोस म्हणजे पीठ, पाणी, मीठ, तळलेले. ईस्टरला सगळीकडे तोरिखास दिसतील, दुधात भिजवून तळलेले पाव. त्यात मात्र अंडं असतं. जेवण दुपारी दोननंतर आणि रात्री साडेआठनंतरच मिळतं, त्यामुळे स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. अतारासानास मंडईत भाजी छान मिळते, पण सकाळीच जा, आणि रविवारी ती बंद असते.

आणि तूप, पेढे, पनीर बॅगेत भरू नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. मुगाची डाळ, भाजणी, मेतकूट खुशाल न्या.

नाथसागर:

किल्ल्याबद्दल. तिथला मुख्य किल्ला म्हणजे अल्काथाबा, अकराव्या शतकातली, चढाची आणि गोट्यांच्या फरसबंदीची. पण नगरपालिकेच्या इमारतीमागे गियेन सोतेलो रस्त्यावर लिफ्ट आहे, ती चालू आहे ना हे निघताना विचारून घ्या. पायथ्याचं रोमन नाट्यगृह रस्त्यावरूनच नीट दिसतं. वरच्या खिब्राल्फारो किल्ल्यावर चालत जायचा विचारही नको, ३५ नंबरची बस घ्या.

अलहाम्ब्रा मी सुचवणार नाही. जाऊन-येऊन चार तास बस, आत मैलोगणती चाल, शिवाय तिकिटं पासपोर्टवरच्या नावाने आणि कित्येक आठवडे आधी काढावी लागतात. गुडघे दुखत असताना तो दिवस आईंना शिक्षा होईल.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे सप्टेंबरपासून. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आईंच्या गुडघ्याचं आधीचं दुखणं त्यात धरलंय का, ते पॉलिसीत बारकाईनं वाचा.

दर्यावर्दी:

घराचं राहिलंच. मर्सेद चौकाच्या कोपऱ्यावर आहे ते, आज म्युझियम. घर म्हणून लहान, चित्रंही मोजकी. पण त्या काळच्या बैठकीसारखी मांडलेली एक खोली आहे, आणि वडिलांच्या आठवणी तिथेच भेटतात. कुटुंब १८९१मध्ये ला कोरुन्याला गेलं, म्हणजे मुलाची पहिली दहा वर्षं याच गावातली. जवळच बुएनाविस्ता वाड्यात पिकासो म्युझियम आहे, २००३मध्ये उघडलेलं. तिथे मोठा झालेला पिकासो भेटतो. आईंना आधी घर दाखवा, मग म्युझियम. चौकात आजही कबुतरं भरपूर असतात, बसायला बाकं आहेत. वहीपेन्सिल घेऊन सकाळी या, दुपारपर्यंत कोणी उठवणार नाही.

ओवी:

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. अलहाम्ब्रा रद्द, २४ मार्चचं पक्कं. पिकासोच्या मुलीचं नाव पालोमा, म्हणजे कबूतर, आणि ती जन्मली त्याच १९४९ साली शांतता परिषदेच्या पोस्टरवर त्याचं कबूतर झळकलं, हे आईनेच मला सांगितलं. शाळेत पण असंच शिकवायची.

आता एवढंच विचारते: मर्सेद चौकात मार्चअखेर सकाळी बसायला थंडी किती असते? आणि मोठ्या म्युझियममध्ये पेन्सिलने रेखाटन करू देतात का, की आधी विचारावं लागतं?

दर्यावर्दी:

सकाळी ११-१२ अंश, दुपारी १९-२०. स्वेटर आणि कानाला स्कार्फ पुरेल, पण मार्चमध्ये पाऊस येऊ शकतो, छत्री ठेवाच. रेखाटनाचं तिकीटखिडकीवर जाऊन विचारतो आणि इथेच कळवतो.