मदत हवी आहे: वाचनालयाच्या पश्चिम भिंतीवर कावी करावी की मातीची जाळी?

मंडळी, फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची दुरुस्ती दिवाळीनंतर काढायची आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब, बाहेरून सिमेंटचा गिलावा. उन्हाळ्यात दुपारी तीननंतर आत बसवत नाही, आणि मुलं नेमकी तेव्हाच अभ्यासाला येतात. समितीतले काहीजण म्हणतात, एसी लावून मोकळे होऊ. मला वाटतं, आधी ऊनच अडवूया, आणि तेही देखण्या रीतीने.

गावातली चित्रकलेची मुलं पश्चिम भिंतीवर मोठं चित्र काढायला तयार आहेत. पण गडद रंग ऊन शोषणार आणि ॲक्रिलिकच्या थराखाली चिऱ्यातली ओल अडकणार. म्हणून कावी मनात आली. आपल्या जुन्या देवळांवर असते तशी: चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबडा थर, तो ओला असतानाच कोरून काढलेली नक्षी. पांढरं भरपूर राखलं आणि तांबडं रेषांपुरतं ठेवलं, तर बरंचसं ऊन भिंत परतवेल.

दुसरा पर्याय म्हणजे भिंतीपासून हातभर अंतरावर भाजलेल्या मातीची जाळी. नक्षीची सावली भिंतीवर पडेल, मधली तापलेली हवा वरून निघून जाईल. नोएडात अँट स्टुडिओ या वास्तुरचनाकारांच्या संस्थेने मातीच्या नळ्यांवर पाणी सोडून हवा गार केली, तसं करा असं एकाने सुचवलं. तिकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ते चालतं. आपल्याकडे मे महिन्यात अंगावरचा घाम वाळत नाही, तिथे पाणी काय उडणार? मी तो नाद सोडला.

एप्रिलअखेरीस सूर्य आपल्या माथ्यावर येतो, त्यामुळे खरा ताप स्लॅबचा. त्यावर पोकळी ठेवून मंगळुरी कौलांचं छप्पर घालायचं जवळपास ठरलंय. भिंतीचं मात्र अडलंय.

सिमेंट खरवडल्यावर चिऱ्यावर चुन्याचा गिलावा नीट धरतो का? मृगाचा पाऊस आमच्याकडे पश्चिमेकडूनच झोडपतो. कावी टिकायची तर छपराचं पाखं भिंतीच्या किती बाहेर काढावं? जाळीत पारवे घरटी करतात आणि पावसाळ्यात शेवाळ चढतं, त्यावर कुणी काय केलं? हाताने कावी कोरणारे कारागीर गोव्यात किंवा सिंधुदुर्गात कुणाच्या ओळखीत आहेत का? मुलांना त्यांच्या हाताखाली शिकायला मिळावं अशी फार इच्छा आहे. पैसे एकाच कामापुरते असतील तर तुम्ही आधी काय कराल?