टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट : विभाग, खातं का अजून काही?

कोथरूडची मावशी
मंडळी एक मदत हवीये आणि जरा घाई आहे. भाचीचा १८वा वाढदिवस, ती गायिका टेलर स्विफ्टची कट्टर फॅन, आणि हॉलवर लावायला तिला बॅनर हवाय तोही मराठीत, कारण इंग्रजी काय सगळेच लावतात. नाव द्यायचंय त्या २०२४ च्या अल्बमचं, द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट. मी आपलं सरळ "पीडित कवी विभाग" लिहून फ्लेक्सवाल्याला पाठवून दिलं तर त्याचा फोन, मॅडम मोर्चा कुठून निघणारे? भाचीला दाखवलं तर ती म्हणते पीडित नको, कोर्टाच्या बातमीतलं वाटतं. मग काय घालू? छळलेले? गांजलेले? आणि डिपार्टमेंटला विभाग म्हणायचं का खातं?

बिनसाखरेचा
आधी हे ठरवा की पीडित कवी म्हणजे ज्यांना पीडा झाली ते का ज्यांनी केली ते. मी एका कोजागिरीला मसाला दुधाच्या आशेने कविसंमेलनात जाऊन बसलो होतो, दूध आलं तेव्हा चंद्र मावळायला टेकला होता आणि सूत्रसंचालक म्हणत होते की अजून "मोजकेच" कवी राहिलेत. तेव्हा टॉर्चर्ड हे विशेषण पोएट्सचं नाहीच, श्रोत्यांचं आहे.

अनुस्वार
विशेषण कुणाचं हे अनुभवावर ठरत नाही हो. पीडित म्हणजे ज्याला पीडा दिली गेली तो. देणारा तो पीडक. तुम्हाला भेटले ते पीडक कवी.

बिनसाखरेचा
मग पीडक कवी विभाग करा, त्याला निदान सभासद मिळतील.

स्विफ्टी पेठेतली
काका तुम्ही हसताय पण अल्बमचा सूर तोच आहे! इंग्रजीत टॉर्चर्ड पोएट म्हटलं की त्याला बाहेरून कुणी छळत नसतं, तो स्वतःच स्वतःला जाळत बसतो आणि वर चार लोकांनी ते बघावं अशी त्याची इच्छा असते. टेलर त्याचीच टिंगल करतेय, स्वतःला धरून. त्या नावाच्या गाण्यात ती स्वतःला आणि प्रियकराला, दोघांनाही सांगते की आपण काही थोर कवीबिवी नाही. आणि फॅन लोकांचा असा तर्क आहे की हे नावच मुळात टोमणा आहे, कारण तिच्या आधीच्या बॉयफ्रेंडच्या मित्रांचा एक ग्रुप होता टॉर्चर्ड मॅन क्लब नावाचा, त्याने स्वतःच २०२२ मध्ये एका मुलाखतीत सांगितलेलं. तेव्हा पीडित, छळलेले, गांजलेले सगळंच चुकीचं, मावशी. ते फार खरं दुःख वाटतं. इथे दुःखाचा रुबाब हवाय.

लकडी पुलावरून
दुःखाचा रुबाब असलेला माणूस म्हणजे आमच्या कॉलेजात "दुःखी आत्मा". दाढी, झब्बा, शबनम, कँटीनमध्ये उधारी. दुःखी आत्मे विभाग.

कोथरूडची मावशी
वाढदिवसाला आत्मे नकोत हो. सासूबाई येणारेत.

सहकारनगर
ग्रस्त वापरा ना. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पूरग्रस्त हा शब्द पुण्यात कायमचा राहायला आला. नंतर तो लोकांच्या पत्त्यात गेला, सोसायट्यांच्या नावात गेला. आमच्या वडिलांना कुणी "तुम्ही कुठले" विचारलं की गाव नाही सांगायचे, "आम्ही पूरग्रस्त" म्हणायचे, आणि आवाजात थोडा तोराच असायचा. हा जो रुबाब म्हणतायत तो यात आपोआप येतो. काव्यग्रस्त.

अनुस्वार
मूळ धातू ग्रस्, गिळणे. चंद्राला ग्रासतो तो ग्रास. पुराने गिळलेला तो पूरग्रस्त, कवितेने गिळलेला काव्यग्रस्त. हे मला पटतंय आणि मला सहसा काही पटत नाही.

बिनसाखरेचा
पण काव्यग्रस्त म्हणजे पुन्हा मीच झालो की. कोजागिरीचा.

ऱ्हस्वदीर्घ
चर्चा रंगली आहे पण मूळ बॅनरवरची चूक कुणालाच दिसली नाही याचं नवल वाटतं. "कवी विभाग" असे दोन सुटे शब्द कसे? समास आहे ना? मग कविविभाग, वि ऱ्हस्व आणि एकत्र. एकटा असताना कवी दीर्घ, समासात पूर्वपद झाला की ऱ्हस्व. कविसंमेलन, कविराज, कविकुलगुरू. शाळेत शिकवतात हे.

सहकारनगर
एकटा असताना दीर्घ आणि समासात गेला की ऱ्हस्व, लग्नानंतर सगळ्यांचंच होतं काका.

स्विफ्टी पेठेतली
ऱ्हस्वदीर्घ काका, तुम्हाला आनंद होईल असं सांगते. ४ फेब्रुवारी २०२४ ला ग्रॅमीच्या स्टेजवरून तिने अल्बम जाहीर केला आणि गाणी यायच्या आधीच लोक अपॉस्ट्रॉफीवरून भांडायला लागले. पोएट्सनंतर ते वरचं शेपूट का नाही म्हणून. एसच्या आधी असतं तर एकाच कवीचं डिपार्टमेंट, नंतर असतं तर अनेक कवींच्या मालकीचं, आणि मुळात नाहीच म्हणजे कवी हा त्या डिपार्टमेंटचा नुसता विषय आहे, मालक नाही. लोकांनी यावर लेख लिहिले, खरंच.

ऱ्हस्वदीर्घ
याचा अर्थ तिकडेही सुसंस्कृत लोक शिल्लक आहेत. आपल्याकडे यालाच समासविग्रह म्हणतात. विग्रह तीन होतात. पीडित कवींचा विभाग. पीडितांचा कविविभाग, म्हणजे इतर खात्यातले पीडित वेगळे. आणि कवींनी पीडित असा विभाग.

बिनसाखरेचा
तिसरा!!

दफ्तरी
निवृत्त सरकारी माणूस आहे, खातं आणि विभाग यावर चार शब्द बोलायचा अधिकार समजतो. कागदावर विभाग, तोंडात खातं. पाटीवर महसूल व वन विभाग, पण मंत्र्याला लोक विचारतात कुठलं खातं मिळालं. खातेवाटप होतं, विभागवाटप झालेलं ऐकलंय कुणी? मलईदार खातं असतं, मलईदार विभाग नसतो. हवामान खातं म्हटलं की लगेच त्याच्यावर हसता येतं, हवामान विभाग म्हटलं की छत्री घ्यावीशी वाटते. दुसरं म्हणजे विभागाचा भूगोलही होतो. पुणे विभाग म्हटलं की पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर. त्यामुळे "कवी विभाग" वाचल्यावर माझ्या डोळ्यासमोर पहिल्यांदा नकाशाच आला, आणि कवींचे जिल्हे किती असतील याची काळजी वाटली.

सहकारनगर
पण खातं म्हटलं की बँक. काव्यग्रस्तांचं खातं, शिल्लक शून्य, केवायसी बाकी.

अनुस्वार
शिवाय "कविखाते" असं प्रमाण मराठीत लिहिलंत तर "ती कवी खाते" असाही अर्थ लागतो.

स्विफ्टी पेठेतली
तो तर सगळ्यात बरोबर अर्थ आहे, तिचे एक्स विचारा. 😂

पण विभागच हवा असं मला वाटतं. अल्बम जाहीर केल्यावर तिने जी चिठ्ठी टाकली त्याखाली सही होती चेअरमन ऑफ द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट. अमेरिकेत कॉलेजच्या डिपार्टमेंटच्या मुख्य माणसाला चेअर म्हणतात, म्हणजे हे पोलीस खातं वगैरे नाही, युनिव्हर्सिटीतलं आहे. आपल्याकडे मराठी विभाग, इंग्रजी विभाग असतात तसा.

लकडी पुलावरून
विभागाला विभागप्रमुख असतो. अध्यक्ष असतो मंडळाला. म्हणजे हे मंडळ आहे, आणि पुण्यात ते १९२३ लाच निघालंय. रविकिरण मंडळ! माधव जूलियन, यशवंत, गिरीश वगैरे लोक रविवारी चहाला जमायचे आणि एकमेकांना कविता ऐकवायचे. टेलरबाईंनी शंभर वर्षं उशीर केला. वर माधव जूलियन हे टोपणनाव, त्यातला जूलियन शेलीच्या कवितेतून उचललेला. यापेक्षा टॉर्चर्ड पोएट कुठे मिळणार.

कोथरूडची मावशी
अहो पण बॅनरवर मंडळ लिहिलं तर लोक वर्गणी मागायला आलो समजून दार लावून घेतील. संध्याकाळपर्यंत फ्लेक्सवाल्याला सांगायचंय.

मायबोलीचा शिपाई
वाचून वाईट वाटलं. एका परदेशी गायिकेच्या नावासाठी इतकी डोकी फुटतायत आणि त्यात बॅनर, फ्लेक्स, फॅन, एक्स. मराठी शब्द असताना वापरायचे नाहीत अशी शपथ घेतली आहे का? महापौर, दिग्दर्शक हे शब्दही सावरकरांनी घडवले तेव्हा लोक हसले होते, आज कोण हसतं? माझी सूचना "व्यथित कविगण". दोन शब्द, शुद्ध, भारदस्त.

सहकारनगर
भारदस्त आहे पण हे कविगण कुठल्या इयत्तेच्या धड्यात आहेत?

दफ्तरी
शिपाईसाहेब, सरकारने पदांच्या मराठी नावांचा पदनाम कोश काढला त्यालाही लोक बदनाम कोश म्हणाले होते, आणि त्यातलेच शब्द आज आपण बिनतक्रार वापरतो, तेव्हा तुमचा मुद्दा अर्धा मान्य. पण तुमचं टोपणनाव जरा बघा, शिपाई हा फारसी सिपाही.

मायबोलीचा शिपाई
तो रूढ झालेला आहे.

दफ्तरी
आणि बॅनर अजून व्हायचाय?

लकडी पुलावरून
याच भांडणाचा एकट्याने दोन्ही बाजूंनी किल्ला लढवलेला माणूस म्हणजे पुन्हा आमचे माधव जूलियनच. १९२५ ला फारसी-मराठी कोश केला, मराठीत गझल आणली, आणि पुढे १९३८ ला भाषाशुद्धि-विवेक लिहून फारसी, इंग्रजी शब्द हाकला म्हणून सांगितलं. मला यात विसंगती दिसत नाही, ज्याने ते शब्द एकेक करून मोजले तोच ते हाकलायला बसू शकतो. आपल्यासारख्यांना कुठला कुठून आला तेच माहीत नसतं.

दफ्तरी
बरं, आता मी माझा शब्द काढतो, दोन तास दाबून ठेवलाय. फड. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात चालतं दफ्तर म्हणून भाग होता आणि त्याच्या शाखांपैकी एकीचं नावच फड. म्हणजे अस्सल डिपार्टमेंट, तेही पुण्यातलं. आणि त्याच पेशवाईत शाहिरांचा जो संच असायचा, डफ, तुणतुणं, झीलकरी, त्यालाही फडच म्हणायचे. एकाच शब्दात सरकारी कचेरी पण आली आणि कवींचा जथा पण. इंग्रजी नावात जी गंमत आहे, कवी आणि कारकुनी यांची मोट, ती विभागात पण नाही नि खात्यात पण नाही. काव्यग्रस्तांचा फड.

स्विफ्टी पेठेतली
ओके हे भारी आहे. खरंच भारी आहे. आणि तिचा इराज टूर, २०२४ ला संपला तो, म्हणजे फडच होता की, तासन्‌तास, लोक उभे राहून.

बिनसाखरेचा
उसाचाही फड असतो.

अनुस्वार
आणि वारकऱ्यांचा, आणि कुस्तीचा. माणसं दाटीने जमून घाम गाळतात तो फड, असा माझा आपला समज आहे. म्हणून तर फडणीस, फडाचा हिशेब ठेवणारा तो.

ऱ्हस्वदीर्घ
चूक. फडणीस हा फर्दनवीस वरून. फर्द म्हणजे यादी, हिशेबाचा कागद, नवीस म्हणजे लिहिणारा. चिटणीस, पोतनीस तसाच. फडाशी संबंध नाही.

अनुस्वार
फर्दचा र गेला कुठे?

ऱ्हस्वदीर्घ
जिथे चिठ्ठीचा ठ गेला तिथे.

अनुस्वार
ठ चा ट झाला, गेला नाही. र नुसता गायब होतो आणि द चा ड होतो, दोन्ही एकदम? आमच्या आजोळी शेजारी फडणीस राहायचे, ते स्वतः सांगायचे फडावरून.

ऱ्हस्वदीर्घ
आडनाव असलं म्हणून व्युत्पत्ती येते असं नाही. आमच्या वाड्यात एक वैद्य होते, त्यांना रक्त बघून चक्कर यायची.

मायबोलीचा शिपाई
म्हणजे फडणीस फारसी आणि फड मराठी असं धरायचं का? मग फड मला चालेल.

दफ्तरी
तुम्हाला चालून काय उपयोग, मावशींना चाललं पाहिजे.

कोथरूडची मावशी
मला चालतंय, भाचीलाही आवडलंय. पण आमचे हे म्हणतात फड लिहिलं की हॉलवाला ढोलकी आहे का विचारेल आणि रात्री दहानंतर परवानगी देणार नाही. काव्यग्रस्तांचा मधला व्य फ्लेक्सवाल्याच्या फाँटमध्ये तुटतोय असंही तो म्हणतोय, त्याचं काय करू? गांजलेल्यांचा लिहू का?

सहकारनगर
फाँट कुठला वापरतोय तो, युनिकोड आहे का जुना?

ऱ्हस्वदीर्घ
जुना असेल तर माझ्या नावातला ऱ्हही तुटेल. याच्यावर खरं तर वेगळी चर्चा काढायला हवी.

स्विफ्टी पेठेतली
या अल्बमच्या आधीचा मिडनाइट्स, २०२२ चा, त्याचं मराठी कुणी केलंय का? मी वहीवर "मध्यरात्री" लिहिलं तर मैत्रीण म्हणते मध्यरात्री काय? पुढे वाक्य कुठाय?

अनुस्वार
मध्यरात्रचं अनेकवचनही मध्यरात्री आणि मध्यरात्रीच्या वेळी या अर्थीही मध्यरात्रीच. एकटा शब्द लिहिलात तर फरक कळायला मार्ग नाही.

ऱ्हस्वदीर्घ
मार्ग आहे. मध्यरात्र हे मुळात अनेकवचनी वापरायचंच नाही. एका दिवसाला एकच असते.

बिनसाखरेचा
कोजागिरीला या. तिथे दर कवीला एक असते.

मायबोलीचा शिपाई
"निशीथमाला" कसं वाटतं?

सहकारनगर
साडीचं दुकान वाटतं.

ऱ्हस्वदीर्घ
निशीथ मधला शी दीर्घ लिहिलात, त्याबद्दल आभार. आता अनुस्वार यांनी फर्दचं काय ते सांगावं, मी मोल्सवर्थचा शब्दकोश काढून बसलोय.