लाईनवर मुली नकोत म्हणणाऱ्यांना उत्तर

खांबावरची
कालपासून वायरमन लोकांच्या सगळ्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. "तीस टक्के आरक्षणात मुली भरल्या, रात्री फॉल्ट आला की पोलवर आम्हीच, या बसणार सेक्शन ऑफिसला रजिस्टर भरत." हे वाचून गप्प बसवत नाहीये. मी आयटीआयला वायरमन ट्रेड केलाय, विद्युत सहायकची कंत्राटी तीन वर्षं काढून तंत्रज्ञ झालेय. कंपनी कुठली ते सांगत नाही. जॉईन झाल्या झाल्या साहेब म्हणाले ताई तुम्ही बिलांचं आणि वसुलीचं बघा. पोलवर आधाराला लागतो तो झुला मागितला तर स्टोअरवाला म्हणाला तुम्हाला कशाला. सेफ्टी शूज आले ते आठ नंबरचे. सेक्शनला बायकांचं टॉयलेट नाही म्हणून दुपारी पाणी पित नाही मी. आणि आता हेच म्हणतात हिला पोलवर चढता येत नाही. चढू दिलं कधी? तेलंगणात तर ज्युनियर लाईनमनच्या भरतीत बायकांना घेतच नव्हते, मुली हायकोर्टात गेल्या, पोल चढायची टेस्ट दिली, आणि 2022 मध्ये बब्बुरी शिरीषाला नेमणूक मिळाली. पोल तोच, तारा त्याच.

जुना_लाईनमन
ताई रागावू नका पण मी वीज बोर्ड असल्यापासून लाईनवर होतो, 2005 ला बोर्डाच्या कंपन्या झाल्या ते पण बघितलं. टेस्ट दिवसा असते, साहेब खाली उभा असतो. वळवाच्या पावसात रात्री उसाच्या फडात जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) तुटलाय, गावातली पंचवीस माणसं शिव्या देतायत, त्यातली निम्मी प्यायलेली, तिथं माझ्या मुलीला मी पाठवणार नाही. सेक्शनला माणसं आधीच कमी, त्यातली दोन रात्री येणार नसतील तर त्यांचं काम बाकीच्यांच्याच अंगावर पडतं, हे खोटं आहे का? कारखाने कायद्यात बाईला संध्याकाळी 7 ते सकाळी 6 काम नव्हतंच, उगाच नव्हतं ते.

खांबावरची
काका, कलम 66 कारखान्याला होतं, लाईनला नाही. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात बाईच्या संमतीने रात्रपाळी चालते, सुरक्षेची व्यवस्था मालकाने करायची. प्यायलेली माणसं अंगावर येतात हा माझा दोष कसा? तुमच्या अंगावर येत नव्हती का?

एजन्सीवाला_पोरगा
तुम्ही दोघंही परमनंट, म्हणून हे भांडण परवडतं. प्रत्यक्षात पोलवर चढतं कोण? आम्ही, एजन्सीची म्हणजे ठेकेदाराची पोरं. परमिट, म्हणजे लाईन बंद करून काम करायची परवानगी, निघतं परमनंट माणसाच्या नावावर, तो असतो चहाच्या टपरीवर, फोनवर सांगतो "बंद केलंय, चढ". माझा जोडीदार असाच चढला, लाईन खरंच बंद होती, पण वस्तीत कुणीतरी जनरेटर लावलेला. वाचला, हात गेला. आणि एजन्सी म्हणे त्या दिवशी तो हजेरीवर नव्हताच.

जुना_लाईनमन
त्याने डिस्चार्ज रॉड, म्हणजे तारा जमिनीला जोडायची दांडी, टाकला नव्हता का? आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, बंद लाईनपण चालूच समजायची, काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूला अर्थिंग करायचं.

एजन्सीवाला_पोरगा
रॉड होता कुठे!! सेक्शनला एकच, तो दुसऱ्या गँगकडे. ग्लोव्हज फाटलेले. ट्रेनिंग म्हणजे एका कागदावर सही घेतली, झालं. तुम्हाला बोर्डाने शिकवलं, आम्हाला कुणी?

यंत्रचालक_३३केव्ही
मी उपकेंद्रात बसतो, माझी बाजूपण ऐका. फोनवर परमिट मागतात, नाही दिलं तर साहेबाचा फोन, दिलं तर उद्या काही झालं की पहिला आत मी. आणि बॅक फीडचं लोकांना कळतच नाही. चेंजओव्हर (घर लाईनपासून तोडून जनरेटरवर घ्यायचा स्विच) न लावता जनरेटर जोडला की घरातले 230 व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन 11 केव्हीच्या बाजूला हजारो व्होल्ट होतात. एबी स्विच, म्हणजे पोलवरचा लाईन तोडायचा खटका, ओढून उपयोग नाही, फॉल्ट त्याच्या पुढच्या, जनरेटर जोडलेल्याच तुकड्यात असतो. यावर कुणी धागा काढत नाही, मुली चढतील की नाही यावर मात्र सगळे तज्ज्ञ.

जुना_लाईनमन
जनरेटर जोडणारा सापडला तर आमच्या वेळी कनेक्शन कापायचो.

यंत्रचालक_३३केव्ही
कापा की आता. सरपंचाचा फोन येतो.

एजन्सीवाला_पोरगा
आणि पगाराचं बोला. विद्युत सहायकाला मागच्या भरतीत पहिल्या वर्षी 15000 तरी होते, आमचं बँकेत पडतं एक आणि हातात येतं दुसरं कारण एटीएम कार्ड सुपरवायझरकडे.

खांबावरची
भावा हे वेगळं नाहीये, एकच आहे. शिकवायचं नाही, साधनं द्यायची नाहीत, मग मुलगी असेल तर म्हणायचं जमत नाही आणि एजन्सीचा असेल तर म्हणायचं त्याचीच चूक. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ कंपनीने द्यायचा हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं, नव्या संहितेतपण आहे. हजेरीचे फोटो, बँकेचं स्टेटमेंट, पीएफचा मेसेज, सगळं जपून ठेव, कामगार आयुक्तांकडे एकटा जाऊ नको, सगळे मिळून जा.

जुना_लाईनमन
बरं ते ट्रेनिंगचं मानलं. मुलींना झुला द्या, महिनाभर जुन्या माणसाच्या हाताखाली चढवा, मग बघू. पण रात्री एकटीला पाठवू नका, यावर मी हटणार नाही.

खांबावरची
एकट्यालाही पाठवू नका ना काका. परमिट, रॉड आणि दोन माणसं असल्याशिवाय कुणीच चढायचं नाही, एवढं युनियनच्या मीटिंगमध्ये उभं राहून बोला. तुमचं ऐकतात, माझं नाही.

जुना_लाईनमन
बोलतो. मीटिंगला तुम्हीपण या, मागे बसू नका.