ऑटोवाल्यांचे आधीचे-नंतरचे गुण: पेअर्ड टी की विल्कॉक्सन?

एम.एस्सी. नर्सिंग, दुसरं वर्ष, नागपूर. प्रबंध आकड्यांपाशी अडलाय.

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधी बर्डीतल्या ६० ऑटोवाल्यांकडून उष्माघातावरची २० गुणांची प्रश्नावली भरून घेतली. लगेच अर्ध्या तासाचं सत्र, आणि पंधरा दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा. तेव्हा ४७ जणच सापडले (सवारी मिळाली की कोण थांबतं!). फॉर्मवर कोड आहेत, त्यामुळे कोणाचा कागद कोणाचा ते जुळतं.

गाइड म्हणतात पेअर्ड टी (त्याच माणसांच्या आधी-नंतरच्या सरासरीतला फरक तपासणारी चाचणी) लाव. शापिरो-विल्क (आकडे नॉर्मल, म्हणजे मधे फुगून दोन्हीकडे सारखे उतरणारे आहेत का ते पाहणारी चाचणी) लावून पाहिली तर नंतरचे गुण नॉर्मल नाहीत. बऱ्याच जणांना १८-१९ पडलेत. मग विल्कॉक्सन (नॉर्मलची अट नसलेली, क्रमांवर चालणारी चाचणी) का? मैत्रिणीने तर ६० आणि ४७ असे दोन गट धरून साधी टी लावून दिली. शिवाय 'खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही' या एका प्रश्नाचं वेगळं बघायचंय. कोणी सांगेल का?

उत्तर

मैत्रिणीचं राहू द्या. माणसं तीच आहेत, गट वेगळे कुठले? जुळणाऱ्या ४७ जोड्याच घ्या. सुटलेले १३ जण आधीच कच्चे होते का तेही तपासा, व्हायवात हमखास विचारतात.

शापिरो-विल्क चुकीच्या रकान्यावर लावलीत. नंतरचे वजा आधीचे असा नवा रकाना करा. पेअर्ड टीला नॉर्मल हवा तो हा फरक. त्याचा हिस्टोग्राम काढा. थोडा तिरपा असला तरी ४७ जोड्यांत टी निभावून नेते. फारच एकीकडे झुकला असेल तर विल्कॉक्सन साइन्ड-रँक. रँक-सम नव्हे हं, ती वेगळ्या गटांची. सॉफ्टवेअरच्या मेन्यूत दोन्ही शेजारी दिसतात आणि घोळ होतो. आणि टी अन् विल्कॉक्सन दोन्ही लावून लहान पी (खरा फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) निवडायची नाही.

कांद्याला मॅकनेमर (बरोबर-चूक अशा आधी-नंतरच्या उत्तरांची चाचणी). ती फक्त उत्तर बदललेल्यांना मोजते.

आणि गुण सत्रामुळेच वाढले असं लिहू नका. कंट्रोल गट (सत्र न मिळालेला, तुलनेसाठीचा) नाही, अन् नवतप्यात पेपरभर उष्माघातच असतो.

धागाकर्ती

फरक छान मधे फुगलेला निघाला, टी लावली. गाइड खूश.

कांद्यात मात्र ९ जण चुकीवरून बरोबर आले आणि ४ जण बरोबरवरून चुकीवर गेले! एक्झॅक्ट मॅकनेमर, पी ०.२७, म्हणजे ठोस बदल म्हणता येत नाही. सत्रात मी कांद्याचं नाव काढलं, तेवढंच त्या चौघांच्या लक्षात राहिलं वाटतं.