४४ ची विलीज, इंजिन तापलं की सेल्फ ओढतच नाही

कोथरूडची_जीप:
नमस्कार मंडळी, आजोबांनी डिस्पोजलमध्ये (लष्कराने काढून टाकलेल्या गाड्यांच्या विक्रीत) घेतलेली १९४४ ची विलीज एमबी जीप आहे, ६ व्होल्टवरच ठेवलीये. मागच्या वर्षी पूर्ण खोलली, चासी (खालचा लोखंडी सांगाडा) रंगवली, इंजिन बांधून घेतलं. सकाळी थंड असताना एका सेल्फला उठते पण जुन्या कात्रज घाटाने वर जाऊन बोगद्यापाशी चहाला थांबलो की संपलं, दहा मिनिटांनी पायाखालचा स्विच दाबला तर घर्र… घर्र करून बसते, धक्का दिला की लगेच चालू. बॅटरी नवी टाकली, सेल्फची मोटर नव्याने गुंडाळून (भरून) आणली, काडीचा फरक नाही. परवा जरा जास्त वेळ सेल्फ मारला आणि चोकच्या केबलला हात लागला तर चटकाच बसला, इंजिनच्या गरमीने असेल. वायरमन म्हणतोय १२ व्होल्ट करून टाका. मला नाही करायचं. काय बघू?

मंगळवार_पेठ_मिस्त्री:
दादा, चोकची केबल गरमीने नाही, करंटने तापतेय! इंजिन रबरी माउंटिंगवर बसलंय, त्याला चासीशी जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी असते ती रंगकामात राहिली किंवा रंगावरच कसली असणार. मग सेल्फचा करंट वाट शोधत चोकच्या तारेतून परत येतो. आधी ते बघा, आग लागू शकते.

मीटरने असं तपासा: कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) जाड वायर काढून बॉडीला टेकवा म्हणजे गाडी सुरू होणार नाही. मीटर डीसी २० वर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवरच), दुसरं सेल्फच्या बॉडीवर, आणि कुणालातरी स्विच दाबायला सांगा. पाव व्होल्टच्या वर गेलं की अर्थिंग (करंट बॅटरीकडे परत जायची वाट) खराब.

जुना_डायनॅमो:
मिस्त्रींशी सहमत. तेवढ्याच ताकदीला ६ व्होल्टमध्ये दुप्पट करंट लागतो, म्हणून १२ ला जो सैल जोड चालून जातो तो इथे नडतो. त्यात नवं बांधलेलं इंजिन तापल्यावर अजून जड फिरतं, आणि व्होल्टेज पडलं की कॉइलला पण ठिणगीपुरतं उरत नाही, धक्क्याने सुरू होते ती त्यामुळेच. केबली १२ व्होल्टच्या बारीक टाकल्या असतील तर बदला. पायाखालचा स्विच पण उघडून बघा, सगळा करंट त्यातूनच जातो, कॉन्टॅक्ट जळतात. आणि ६ च्या सेल्फला १२ देऊ नका हो, बेंडिक्स (सेल्फचं पुढे सरकणारं दातेरी चाक) इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दातांवर आदळतो. ओरिजनल ठेवताय ते फार चांगलं करताय.

कोथरूडची_जीप:
मिस्त्री काका, तुम्ही म्हणालात तेच! मीटरवर ०.९ आलं. पट्टी नव्हतीच. रविवारी जुन्या बाजारातून जाड विणलेली पट्टी आणली, दोन्हीकडचा रंग पॉलिश पेपरने पार चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकून कसली, वरून ग्रीस. आता ०.१५. स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडले होते, तेही घासले. आज कात्रजला जाऊन आलो, बोगद्यापाशी तीनदा बंद करून तीनदा सेल्फवर सुरू केली, चोकची केबल गारच होती. मनापासून आभार.