कुंडीतला अनंत पिवळा पडतोय, कळ्या गळतायत

गच्चीबाग_सांगली
12 इंची सिमेंटच्या कुंडीत अनंत आहे. माती शेतातली काळी, त्यात निम्मं शेणखत. बोअरचं पाणी, रोज एकदा. शेंड्याची पानं पिवळी पण शिरा हिरव्या. खालची जुनी पानं ठीक. कळ्या हरभऱ्याएवढ्या झाल्या की गळतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरलाय. युरिया, राख, अंड्याची टरफलं घालून झालं. दुपारी एकपासून पश्चिमेचं ऊन. झाड वाचेल का?

रोपवाटिका_मिरज
वाचेल. फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं की जीव आहे.

हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे. नत्र कमी पडलं की जुनी पानं आधी पिवळी होतात, कारण झाड त्यांतलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं. लोह तसं हलत नाही, म्हणून कोवळी पानं आधी पिवळी. युरियात नत्रच असतं, तो इथे काय करणार?

मातीत लोह असतंच, पण अनंताला मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) 5 ते 6.5 लागतो आणि आपली काळी माती 8 च्या आसपास. तिथे मुळांना ते उचलता येत नाही. वर बोअरच्या पाण्यातले क्षार, सिमेंटमधून सुटणारा चुना, आणि राख-टरफलं म्हणजे पुन्हा चुनाच. या सगळ्याने सामू वाढतो. राख-टरफलं आजच बंद करा.

द्राक्षबागेला देतात ते चिलेटेड लोह (मातीत लगेच बांधलं जाऊ नये अशा रूपातलं) कृषी सेवा केंद्रात मिळतं. पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं बघूनच घ्या. ईडीटीए हा दुसरा प्रकार चुनखडीच्या मातीत टिकत नाही, तो फवारणीसाठी. 1 ग्रॅम 1 लिटर पाण्यात घाला, पाणी गडद लाल होईल. माती ओली असताना बुडाशी द्या, फरशीवर सांडू नका, डाग पडतो. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. फरक नव्या पालवीत बघायचा. जुनी पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. हिराकस (फेरस सल्फेट) नुसता काळ्या मातीत टाकू नका, त्यातलं लोह लगेच बांधलं जातं.

कृष्णाकाठ_बागप्रेमी
पाण्याचंही बघा. रोज एकदा असा नेम नको. बोट दोन इंच आत घालून कोरडं लागलं तरच पाणी. काळी माती वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते, पाणी फटीतून खाली जातं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. कळ्या गळण्याचं हे मोठं कारण. नळाचं किंवा पावसाचं पाणी वापरा. बोअरचंच द्यावं लागलं तर 10 लिटरला 2-3 ग्रॅम लिंबूसत्व घाला.

गच्चीबाग_सांगली
मग कुंडी आत्ताच बदलू का? एप्रिल चालू आहे.

रोपवाटिका_मिरज
आत्ता नको. 40 अंशांत मुळं दुखावली तर झाड सावरणार नाही. सकाळचं दहा-अकरापर्यंतचं ऊन मिळेल अशा पूर्वेच्या बाजूला हलवा. मातीला कुजका वास येत असेल तर मात्र थांबू नका. तपकिरी, लिबलिबीत मुळं कापून लगेच बदला.

नाहीतर जूनमध्ये पाऊस लागला की बदला. मातीची किंवा प्लॅस्टिकची 12 इंची कुंडी, खाली चार-पाच मोकळी भोकं. दोन भाग तांबडी माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक गांडूळखत, एक भाताचं तूस. गड्ड्याभोवतीची काळी माती बोटांनी सैल करून झाडा, पण मुळं उघडी धुऊ नका. खोडाचा बुंधा आधीच्याच पातळीला ठेवा. छाटणी करायची तर वाळकी काडीच काढा, आणि नवी पालवी येईपर्यंत खत देऊ नका.